नवशिका रायडर, हनुवटीवरचा कॅमेरा आणि एलबीएस मार्गावरचे दोन सेकंद

हे प्रकरण मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका तरुण रायडरचं आहे. त्याची, त्याच्या घरच्यांची आणि या अपघातात जखमी झालेल्या काकांची परवानगी घेऊन ते लिहिते आहे. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. रविवारी सकाळी मुलुंडमध्ये मी नवशिक्या दुचाकीस्वारांचा सराव घेते. ओंकार आमच्याकडे आला तो अपघातानंतर. त्यामुळे आधीची हकिकत त्याच्या तोंडून कळली आणि त्याहून जास्त त्याच्या कॅमेऱ्यातून.

नवशिक्यांनी गाडी चालवताना व्हिडिओ करावेत का, हा वाद आमच्या मैदानावर सारखा होतो. बहुतेक वेळा तो "करू द्या हो पोरांना" आणि "आधी गाडी शिका" या दोन वाक्यांतच फिरत राहतो. या वेळी मात्र आमच्या हाती फुटेज होतं. कॅमेऱ्याने कुठे शिकवलं आणि कुठे घात केला, हे सेकंद मोजून पाहता येत होतं.

पार्श्वभूमी

ओंकार २२ वर्षांचा. भांडुप पश्चिमेला डोंगराच्या बाजूला घर, ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरी. वडील बेस्टमध्ये बसचालक, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. घरात याआधी दुचाकी नव्हती. लोकल आणि शेअर रिक्षावर सगळ्यांचं भागत होतं. नोकरी लागल्यावर ओंकारने हप्त्यावर १२५ सीसीची गाडी घेतली. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. ओंकारच्या गाडीला होता तो कॉम्बी ब्रेक, म्हणजे मागचा पेडल दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण पुढचा लिव्हर एकटाच आवळला तर चाक लॉक होण्यापासून अडवणारं तिथे काही नसतं. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. ओंकारने ती मुदत संपताच वडाळ्याच्या आरटीओत आठचा आकडा काढला आणि परवाना घेतला. त्या ३० दिवसांतला सराव म्हणजे एका मित्राच्या देखरेखीखाली पहाटे गल्लीत मारलेल्या चकरा. कॅमेरा परवान्याच्या आधीच घरी आलेला होता: सेकंडहँड अॅक्शन कॅमेरा, हेल्मेटच्या हनुवटीला लावायचा पट्टा आणि गालाच्या स्पंजमध्ये खोचलेला छोटा माइक.

पहिला व्हिडिओ भांडुपच्या चढावरचा आहे आणि तो मी सरावाला येणाऱ्यांना आजही दाखवते. गाडी चढावर थांबलेली, समोर टेम्पो. डाव्या हाताची चारही बोटं क्लचवर दिसतात. लिव्हर एकदम सुटतो, गाडी धक्का खाऊन बंद पडते. मागून रिक्षाचा हॉर्न. पुन्हा स्टार्ट, पुन्हा तेच. ओंकार मागे वळून रिक्षावाल्याला "सॉरी काका, सॉरी" म्हणतो, रिक्षावाला बाजूने निघून जातो आणि जाता जाता "हळू सोड रे" एवढं सांगतो. तिसऱ्या वेळी क्लच हळू सुटतो आणि गाडी चढते. त्यात ओंकार काहीही शिकवत नाही. त्याला जे होत होतं ते फक्त दिसतं.

पुढच्या काही व्हिडिओंत सूर बदलला. पाहणारे वाढले, त्याला "दादा" म्हणू लागले, प्रश्न विचारू लागले: पहिली गाडी कुठली घेऊ, ट्रॅफिकमधून कशी काढू, ब्रेक कुठला लावू. गाडी हाती येऊन चार महिने झालेल्या मुलाला कुणी दादा म्हणून सल्ला विचारतं तेव्हा "मला माहीत नाही" हे उत्तर द्यायला फार जोर लागतो. ओंकारने उत्तरं द्यायला सुरुवात केली. घरी बसून द्यायला वेळ नव्हता म्हणून ऑफिसला जाता-येता, गाडी चालवता चालवता दिली. त्यातल्या एका व्हिडिओत त्याने ठासून सांगितलं: "पुढचा ब्रेक विसरा, पडाल. फक्त मागचा वापरा." हे त्याला मित्राने सांगितलं होतं, मित्राला त्याच्या मामाने. मुंबईत दुचाकी शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं.

ते चुकीचं आहे. ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं, पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं आणि थांबण्याची जास्तीत जास्त ताकद तिथेच तयार होते. पुढचा ब्रेक हळूहळू दाबत न्यायची सवय हाताला लावावी लागते. ती लावली नाही, तर घाबरल्यावर हात तोच लिव्हर एका झटक्यात आवळतो, कारण मुठी आवळणं ही माणसाची उपजत प्रतिक्रिया आहे.

घटना

जुलै महिना, शनिवारची संध्याकाळ, नुकताच पाऊस थांबलेला. ओंकार एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्गावरून कांजूरमार्गच्या दिशेने चालला होता. रस्त्याच्या कामामुळे बॅरिकेड लावून लेन अरुंद केलेली होती आणि एका ठिकाणी खोदकामावर लोखंडी प्लेट टाकलेली होती. पुढे टेम्पो, मागे स्कूटरवर पन्नाशीचे एक गृहस्थ. त्यांना आपण काका म्हणू.

ओंकार कॅमेऱ्याला सांगत होता की दोन गाड्यांच्या मधून बाईक कशी काढायची. टेम्पोचे ब्रेक लाइट लागले. ओंकारचा उजवा हात हलला तेव्हा पुढचं चाक ओल्या प्लेटवर पोचलं होतं. त्याने लिव्हर आवळला, चाक लॉक झालं, गाडी डाव्या अंगावर आडवी झाली आणि घसरत टेम्पोच्या मागे जाऊन थांबली. काकांनी त्याला वाचवायला स्कूटर उजवीकडे घेतली आणि ते बॅरिकेडवर आदळले.

ओंकारचा गुडघा आणि कोपर सोलवटलं. काकांचं मनगट मोडलं.

इथे ओंकारने जे केलं ते नीट केलं. त्याने काकांना रिक्षात घालून जवळच्या रुग्णालयात नेलं, त्यांच्या मुलाला फोन लावला आणि तिथून पोलिसांना कळवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारीच आहे. ओंकारला हे कलम माहीत नव्हतं. वडिलांना फोन केल्यावर त्यांनी पहिलं वाक्य हेच सांगितलं: "आधी त्यांना दवाखान्यात ने. गाडी राहू दे तिथे."

कॅमेरा या सगळ्या वेळात चालूच होता.

फुटेजमध्ये काय दिसलं

हे फुटेज मी आणि ओंकारने नंतर एकत्र बसून, वेग निम्मा करून पाहिलं. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग मला हाच वाटतो, म्हणून इथे जरा थांबते.

हनुवटीवरचा कॅमेरा डोक्याबरोबर वळतो. त्यामुळे रायडरने आरशात पाहिलं का, खांद्यावरून मागे नजर टाकली का, हे फुटेजमध्ये सरळ दिसतं. छातीवर किंवा हँडलवर लावलेल्या कॅमेऱ्यात ते कळत नाही. त्या संध्याकाळच्या फुटेजमध्ये काही पट्टे ओंकार गप्प आहे आणि काही पट्टे बोलतो आहे. गप्प असताना फ्रेम वारंवार उजवीकडे-डावीकडे हलते, म्हणजे आरशांकडे नजर जाते आहे. बोलायला लागला की फ्रेम खिळल्यासारखी होते. टेम्पोची मागची पाटी मधोमध आणि बाकी रस्ता जणू नाहीच. मागे काकांची स्कूटर किती जवळ आहे हे त्याला पडेपर्यंत कळलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. ब्रेक लाइट लागले त्या क्षणी ओंकार एका वाक्याच्या मध्यावर होता. त्याने ते वाक्य पुरं केलं. शेवटचा शब्द ऐकू येतो आणि त्यानंतर हात हलतो. ब्रेक लाइट ते हात, हे अंतर जवळजवळ दोन सेकंदांचं आहे. वेग चाळिशीच्या आसपास होता. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर, म्हणजे ब्रेकला हात लागण्याआधीच गाडी २२ मीटर पुढे गेली होती. ओंकारच्या वडिलांनी हे ऐकलं आणि त्यांच्या हिशेबात मांडलं: "मोठी बस बारा मीटरची. म्हणजे जवळपास दोन बसगाड्यांएवढं अंतर तू नुसता बोलत गेलास."

मी मुद्दाम आमच्या गटातल्या एका जुन्या रायडरचं फुटेज त्याच्याशेजारी लावून पाहिलं. तेही बोलत चालवतात. रिक्षा आडवी आली की त्यांचं वाक्य मध्येच तुटतं, "म्हणून मी त्या दिवशी..." एवढ्यावर थांबतं, आणि कित्येकदा ते पुन्हा सुरूही होत नाही. अनुभवी माणसाचं लक्ष वाक्य टाकून देतं. नवशिक्याला अजून ते जमत नाही, कारण क्लच, गिअर, तोल, खड्डा यांतलं काहीच त्याच्या अंगवळणी पडलेलं नसतं. त्यात बोलणं घातलं की डोक्यात जागाच उरत नाही, आणि समोर काल्पनिक श्रोता बसवला की बोलणं सोडवत नाही.

तिसरी गोष्ट पाहणाऱ्यांसाठी. या कॅमेऱ्यांची लेन्स रुंद कोनाची असते, त्यात पुढची वस्तू आहे त्यापेक्षा दूर दिसते. प्रत्यक्षात ओंकार टेम्पोच्या फार जवळ होता. व्हिडिओत मात्र भरपूर अंतर ठेवल्यासारखं दिसतं. असे व्हिडिओ पाहून अंतराचा अंदाज शिकणारा चुकीचा अंदाज शिकतो.

त्या रात्रीचे पर्याय

रुग्णालयातून घरी आल्यावर रात्री या फुटेजचं काय करायचं यावर घरात चर्चा झाली. खरी कसोटी तिथे होती.

आई म्हणाली, सगळं पुसून टाक. तिला भीती पोलिसांची होती. ही भीती समजण्यासारखी आहे, पण हा पर्याय सगळ्यात घातक होता. अपघातात माणूस जखमी झालेला, पोलिसांकडे नोंद झालेली आणि त्याचं चित्रीकरण आपल्याकडे आहे हे माहीत असताना ते नष्ट करणं म्हणजे अपघाताच्या वर दुसरं प्रकरण ओढवून घेणं.

मावसबहीण त्याचे व्हिडिओ एडिट करायची. तिचं म्हणणं, आज रात्रीच टाक. पडण्याचा व्हिडिओ लोक पाहतात, आठवड्याने टाकलास तर कोण बघणार? तिला ओंकारचं वाईट व्हावं असं अजिबात वाटत नव्हतं. चॅनल कसं वाढतं हे तिला ठाऊक होतं आणि ती ते बोलली. पण त्या फुटेजमध्ये काकांचा चेहरा होता, स्कूटरचा नंबर होता, वेदनेने त्यांच्या तोंडून निघालेले शब्द होते.

एका मित्राने तिसरा पर्याय सुचवला, आणि माझ्या मते तो पुसून टाकण्याइतकाच वाईट होता. आवाज काढून टाक, शेवटचे पाच सेकंद ठेव, टेम्पोने अचानक ब्रेक मारला असं दिसेल. तसं खरंच दिसलं असतं. रस्त्यावरच्या भांडणांच्या किती क्लिप आपण अशा पाहतो, जिथे आधीचं अर्धं मिनिट कुणीतरी कापलेलं असतं.

वडिलांनी व्हिडिओबद्दल काही न बोलता ओंकारला कागद-पेन दिलं आणि काय झालं ते जसंच्या तसं लिहायला बसवलं. वेळ, जागा, वेग, पुढे कोण, मागे कोण, आपण काय करत होतो. इतक्या वर्षांच्या चालकाच्या नोकरीत त्यांना हे पक्कं ठाऊक होतं की उद्या सकाळपर्यंत माणसाची आठवण स्वतःच्या बाजूने वळलेली असते. ओंकारने "मी बोलत होतो" हे वाक्य दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं. तो कागद मी पाहिला आहे.

शेवटी ठरलं ते असं: मेमरी कार्ड जसंच्या तसं काढून ठेवायचं, एक प्रत पेन ड्राइव्हवर, पोलिसांनी मागितलं तर द्यायचं, आणि काकांना विचारल्याशिवाय यातला एकही सेकंद कुणाला दाखवायचा नाही.

मतमतांतरं

दोन आठवड्यांनी ओंकार गुडघ्याला पट्टी बांधलेली असतानाच आमच्याकडे आला. वडील सोबत होते. त्यांची मागणी साधी होती: याला गाडी नीट शिकवा आणि कॅमेरा काढायला सांगा.

"आमच्या बसमध्ये लिहिलेलं असतं ना ताई," ते म्हणाले, "गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. का लिहिलंय? मला बोलता येत नाही म्हणून? आणि हा पोरगा स्वतःच स्वतःशी बोलत चालवतो."

आमच्यातले जुने लोक लगेच त्यांच्या बाजूने गेले. त्यांनी नेहमीची उदाहरणं काढली. मे २०२३ मध्ये यमुना एक्स्प्रेसवेवर ताशी ३०० चा वेग गाठायच्या प्रयत्नात एका यूट्यूबरचा जीव गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तामिळनाडूत कांचीपुरमजवळ व्हीली मारताना, म्हणजे पुढचं चाक हवेत उचलताना, दुसरा एक पडला, त्याला अटक झाली आणि त्याचा परवाना १० वर्षांसाठी गेला. केरळच्या मोटार वाहन विभागाने तर २०२२ सालीच हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांविरुद्ध पवित्रा घेतला होता.

मला ही उदाहरणं इथे लावणं पटत नाही. ती माणसं स्टंट करत होती, तेही मोठ्या गाड्यांवर आणि मोकळ्या रस्त्यावर. ओंकारने एकदाही वेगमर्यादा ओलांडलेली नव्हती. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, कुठेच दुचाकीला परवानगी नाही, आणि तिथे घुसून व्हिडिओ काढायचा मोहही त्याला झाला नव्हता. सभ्य, साधा, नियम पाळणारा मुलगा होता तो. त्याचा धोका वेगळ्या जातीचा आहे. स्टंट पाहून निदान हे चूक आहे एवढं तरी कळतं. ओंकारच्या व्हिडिओंत चूक दिसतच नव्हती.

आमच्या बॅचमधल्या एका तरुणीने याच्या अगदी उलट बाजू मांडली आणि तिचं मला मानावं लागलं. ती म्हणाली, "ताई, मोठ्या रायडरांचे व्हिडिओ बघून मला वाटायचं गाडी बंद पडणं हा माझाच दोष आहे. त्यांची कधी पडतच नाही. याचा चढावरचा व्हिडिओ पाहिला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी काढली." हे खरं आहे. सिग्नल हिरवा झालाय, मागून हॉर्न वाजताहेत, पाय थरथरतोय, ही अवस्था वीस वर्षं गाडी चालवणारा विसरून गेलेला असतो. ती फक्त नवशिकाच दाखवू शकतो.

एक डिलिव्हरी करणारा मुलगाही येतो आमच्याकडे, दिवसभर पवई ते घाटकोपर फिरतो. त्याला या वादाचं नवल वाटलं. "मला पावसात प्लेट कुठे कुठे आहेत सगळ्या पाठ आहेत," तो म्हणाला. "व्हिडिओ मीच करायला पाहिजे. पण मला बोलायला वेळ कुठाय?"

या सगळ्यातून माझं मत पक्कं झालं ते असं. नवशिक्याने चित्रीकरण जरूर करावं. चालवताना बोलू नये. आणि आपल्याला काय झालं ते सांगावं, लोकांनी काय करावं ते सांगू नये. कॅमेरा, बोलणं आणि सल्ला या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकात एक कालवतो म्हणून वाद मिटत नाही.

काय केलं

पोलिसांनी दोघांचे जबाब घेतले. काकांनी तक्रार द्यायची नाही असं सांगितलं. त्यांचा उपचाराचा खर्च आणि स्कूटरची दुरुस्ती ओंकारच्या घरच्यांनी केली. कॅमेरा विकायचा विषय निघाला होता, पण मी नको म्हटलं.

मैदानावर आम्ही आधी ब्रेकचा सराव घेतला. कोरड्या जमिनीवर वीसच्या वेगाने पुढचा लिव्हर दोन बोटांनी दाबत न्यायचा, टायर जमिनीत रुततंय असं वाटेपर्यंत, आणि मग अजून थोडा. मग तिसाच्या वेगाने. मग पाणी मारून. पहिल्या दिवशी ओंकारचा उजवा हात लिव्हरकडे जायलाच तयार नव्हता. स्वतःचाच सल्ला त्याच्या हातात बसला होता. वळणावर, प्लेटवर, रंगाच्या पट्ट्यांवर ब्रेक टाळायचा असतो, त्या आधी वेग उतरवायचा असतो, हे त्याला कॅमेऱ्यातलं स्वतःचं फुटेज दाखवूनच पटलं.

कॅमेरा चालू राहिला, माइक काढला. दर रविवारी आम्ही त्याचं आठवड्यातलं एखादं फुटेज पाहायचो: आरसे किती वेळा पाहिले, चौकात नजर कुठे होती, पुढच्या गाडीपासून अंतर किती. व्हिडिओ टाकायचाच तर घरी बसून, फुटेज पाहत, नंतर आवाज द्यायचा.

त्यानंतर एक वेगळा सरावही केला, ज्यावर गटात बरीच घासाघीस झाली. पोलीस चालकांच्या आणि प्रगत ड्रायव्हिंगच्या प्रशिक्षणात जगभर एक जुनी पद्धत आहे, चालवताना फक्त दिसेल ते मोठ्याने बोलायचं. "डावीकडे रिक्षा उभी, आत माणूस, दार... पुढे प्लेट, वेग कमी... बस थांब्याला येतेय, माणसं उतरतील." असं बोललं की नजर पुढे पुढे जाते, कारण न पाहिलेलं बोलता येत नाही. श्रोत्याशी गप्पा मारणं आणि रस्ता वाचून दाखवणं यांत हा फरक आहे. ओंकारने हे आमच्या देखरेखीखाली, रहदारी कमी असताना केलं. त्या फुटेजमध्ये फ्रेम पुन्हा हलायला लागलेली दिसते.

निष्पत्ती

काकांचं प्लास्टर निघालं. ओंकार त्यांना भेटायला जात राहिला. तीन महिन्यांनी त्याने त्यांना संपूर्ण फुटेज दाखवलं आणि विचारलं की चेहरा, नंबर आणि तुमचा आवाज काढून हे लोकांना दाखवू का. काकांनी होकार दिला, एका अटीवर: "तू काय बोलत होतास ते कापू नकोस."

तो व्हिडिओ त्याने केला. पडण्याआधीचा सगळा पट्टा, मूळ बोलण्यासकट, आणि मग घरी दिलेल्या आवाजात त्याचा अर्थ. पुढच्या ब्रेकबद्दलचा जुना व्हिडिओ काढून टाकला आणि त्यात काय चूक होतं ते याच व्हिडिओत सांगितलं. पाहणारे कमी झाले. मावसबहिणीने एडिटिंग सोडलं, आता ओंकार स्वतः करतो आणि महिन्याला एखादाच व्हिडिओ टाकतो. रायडिंगचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने आधी ग्लव्ह्ज देऊ केले होते, त्याने पुन्हा फोन केला नाही.

जुना सल्ला मात्र पुरता परत घेता आलेला नाही. मूळ व्हिडिओ काढला तरी त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कुणीतरी कापून रील म्हणून फिरवला होता आणि तो व्हॉट्सअॅपवर अजून फिरतो. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने तो मलाच दाखवला. शेजारी ओंकार उभा होता. त्या मुलाला पुढचा ब्रेक ओंकारनेच शिकवला.

वेगळं काय करता आलं असतं

अपघाताचं कारण एक नाही. प्लेट ओली होती, अंतर कमी होतं, हाताला ब्रेकची सवय नव्हती आणि लक्ष वाक्यात होतं. यांतली प्लेट ओंकारच्या हातात नव्हती. बाकी तिन्ही होत्या आणि त्या तिन्हींना व्हिडिओच्या सवयीने हातभार लावला: बोलण्याने लक्ष खाल्लं, लक्ष गेल्याने अंतर कमी झालं, आणि आपण सांगितलेलं खरं ठरवायच्या भरात ब्रेक शिकायचा राहिला.

पहिलं वळण म्हणजे प्रश्न येऊ लागले ते. तिथे ओंकारला एवढंच म्हणता आलं असतं की हे मला येत नाही, शिकून आल्यावर शिकताना दाखवतो. पाहणाऱ्यांना ते आवडलंही असतं, त्यांनी चढावरचा व्हिडिओ त्यासाठीच पाहिला होता. दुसरं वळण म्हणजे माइक. घरी आवाज द्यायला रात्रीचा एक तास लागतो आणि तो तास वाचवायला तो रस्त्यावर बोलत होता. पाहणाऱ्यांनीही एक करावं असं मला मनापासून वाटतं: चालत्या गाडीवरून थेट उत्तर मागू नये. दादा म्हणताना तो किती दिवसांचा दादा आहे हे विचारावं.

घरच्यांबद्दल. त्या रात्री कागद पुढे ठेवणारे वडील नसते तर मित्राचं ऐकून पाच सेकंदांची क्लिप गेली असती, असं ओंकार स्वतः सांगतो. प्रत्येक घरात व्यवसायाने चालक असलेला माणूस नसतो. म्हणून आमच्या गटात आता व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच सांगतो: काही झालं तर फुटेज पुसायचं नाही, कापायचं नाही, त्या आठवड्यात टाकायचं नाही, आणि त्यात दुसरं कुणी असेल तर त्याच्या होकाराशिवाय कधीच टाकायचं नाही. नंबर प्लेट आणि चेहरे झाकणं हे एडिटिंगचं काम धरायचं, मेहरबानी नव्हे.

परवान्यानंतर पहिले सहा महिने माइक नको, ही आमच्या गटाची अट आहे. काहींना ती जाचक वाटते, काहींना तोकडी. ओंकारच्या वडिलांचं मत अजून बदललेलं नाही. रस्ता वाचून बोलायचा सराव त्यांनी एकदा मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिला. मुलगा उतरल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की हे तोंडातल्या तोंडात करता येत नाही का. ओंकार सध्या ते करून पाहतो आहे. कॅमेऱ्यात आवाज येत नाही, पण फ्रेम हलते का ते आम्ही पुढच्या रविवारी पाहणार आहोत.